बाबलीकाकांचा हिवाळा

कोरगावात थंडी पडत नाही, ही गोष्ट बाबलीकाका वैयक्तिक अपमान समजतात. ऊन आपल्यापर्यंत पोचते, पाऊस तर नको तितका पोचतो, मग हिवाळाच तेवढा घाटावर का उतरून राहतो, असा त्यांचा सवाल असतो. उत्तर कोणी देत नाही. म्हणून दर वर्षी जून महिन्यात, गोव्यातला आमचा सगळा पेडणे महाल छत्र्यांच्या काड्या सरळ करत असताना, बाबलीकाका माझ्या पडवीत हिवाळा सुरू करतात. तो चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, थोडा आधीपर्यंत चालतो.

हे कसे, ते सांगतो. हरमलच्या किनाऱ्यावर माझा लहानसा शॅक, म्हणजे खाण्यापिण्याची झोपडी, आहे. पावसाच्या आधी तो मोडावा लागतो. बांबू, खुर्च्या, टेबले आणि थंड बाटल्यांचा काचेच्या दाराचा उभा फ्रिज, सगळे टेंपोत घालून कोरगावला घरी आणतो. पूर्वी हा फ्रिज पावसाळाभर पडवीत रिकामा उभा असायचा. आता त्याच्या मधल्या फळीवर मातीचे एक पसरट तबक असते आणि तबकात वीत-दीड वीत उंचीची, अंगावर एक पान नसलेली झाडे दाटीने उभी असतात. हे बाबलीकाकांचे रान. झाडे मेपलची. काका 'मापल' म्हणतात. त्यांना थंडीत निजवले नाही तर ती पुढच्या वर्षी पाने फोडत नाहीत, हळूहळू थकून मरतात. त्यांचा हिवाळा माझ्या फ्रिजमध्ये होतो.

फ्रिज ज्या थंड पेयांच्या कंपनीचा, तिचा माणूस एकदा तपासणीला आला. आत दुसऱ्या कोणाच्या बाटल्या ठेवायच्या नाहीत असा नियम आहे. तो बराच वेळ काचेतून पाहत राहिला. नियमात झाडांविषयी काही नसावे. माझ्या बायकोने, सुमतीने, दिलेला चहा पिऊन तो गेला तो पुन्हा आला नाही.

सुमतीची तक्रार वेगळी. फ्रिज घरात, चालू, आणि त्यात तिला हात लावायची सोय नाही.

"काकानू, निदान माझी सोलकढी तरी खालच्या फळीर ठेवू?"

"सोलकढी ठेव गो. सुंगटां-बांगडे नाका. वास लागता तेंका."

"झाडांका नाक खंय असता?"

"तुका दिसना म्हणान नाय असा नाय."

सुमती मग भांडी जरा जोरात घासते. पण दुपारी काका आले की त्यांच्या हातात चहाचा पेला आधी तीच देते.

बाबलीकाका माझे शेजारी. हरमल–म्हापसा मार्गावर खासगी बशीत कंडक्टर होते. नोकरी सुटून बरीच वर्षे झाली, खाकी शर्ट सुटला नाही. इतरांच्या बशीत किती माणसे मावतात याला मर्यादा असायची, काकांच्या बशीत नव्हती. "फुडें सरा, मदीं जागा आसा," हे वाक्य त्यांनी इतकी वर्षे म्हटले की ते आता जागा असो-नसो बाहेर पडते. लग्नाच्या पंगतीत म्हटलेले मी ऐकले आहे. एकदा एका अंत्ययात्रेत, अरुंद पायवाटेवर लोक अडले तेव्हाही ते म्हणाले, आणि लोक मुकाट पुढे सरले.

ही झाडे आली कुठून, ते सांगायला थोडे मागे जावे लागेल. काकांचा एकुलता मुलगा उमेश माझ्याहून बराच लहान. पोर्तुगीज पासपोर्ट काढून तो इंग्लंडात गेला आणि तिकडे एका गोदामात कामाला लागला. काकी वारल्या त्या वर्षी त्याने काकांना काही आठवडे तिकडे बोलावून घेतले. परत आल्यावर सगळा वाडा जमला. काय पाहिले, काय खाल्ले, बर्फ पडला का, राणीचे घर केवढे.

"बशीत कंडक्टर ना," काका म्हणाले.

पुढे काहीतरी येईल म्हणून लोक थांबले.

"एकटो ड्रायव्हर. तोच तिकीट दिता, तोच दार उघडता. चडताना थँक्यू, उतरताना थँक्यू. मदीं कोण कोणाक विचारना, खंय गेल्लंय, आवय-बापूस बरे आसत मरे तुझे. बस कसली ती. लिफ्ट."

इंग्लंडचा वृत्तांत एवढाच. बाकीचा त्यांच्या स्वेटरच्या खिशात होता. उमेशच्या घरासमोर बसस्टॉप, आणि स्टॉपच्या मागे ही झाडे. तिकडे अगदी साधी, शेताच्या कुंपणाला लावतात ती. त्यांच्या बियांना दोन पंख असतात, वरून टाकली तर भिंगरीसारखी फिरत खाली येतात. काकांनी मूठभर खिशात घातल्या होत्या. मला दाखवायला त्यांनी पडवीच्या पायरीवर उभे राहून एकेक सोडली. दोन माणसे पायरीवर उभी राहून हवेत बिया सोडत आहेत, हे सुमतीने आतून पाहिले आणि तुळशीपाशी दिवा न लावताच परत गेली.

बिया त्यांनी ओल्या वाळूत घालून दह्याच्या डब्यात, स्वतःच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. पहिल्या वर्षी एकही उगवली नाही. काकांनी त्यांना दोष दिला नाही.

"सायबाची बी. सुटी संपल्याबगर उठना."

दुसऱ्या वर्षी उगवल्या. मग काकांनी डिचोलीला जाऊन एका कुंभाराकडे पसरट तबक करायला सांगितले. कुंभाराला वाटले, मासळी भाजायची कायल. त्याने ती मन लावून केली. घ्यायला गेल्यावर काका म्हणाले, आता हिच्या बुडाला भोके पाडून द्या. कुंभाराने हात धुतले, टॉवेलने पुसले आणि सांगितले, की आपण उभ्या जन्मात न गळणारी भांडी केली, या वयात हे आपल्याच्याने होणार नाही. शेवटी भोके त्याच्या बायकोने पाडली, तो मागच्या दारी गेला असताना. झाडांच्या पायाशी घालायचे शेवाळ काकांनी नार्व्याला बहिणीच्या विहिरीतून खरवडून आणले. बहिणीला आनंद झाला. तिला वाटले, भाऊ विहीर साफ करायला आला.

लहान झाडांचे रान तबकात कसे लावायचे, ते काका मोबाइलवर जपानी माणसांचे व्हिडिओ पाहून शिकले. भाषा कळत नव्हती. "बस भरूची आसा, हेतूर भास कसली?" असे त्यांचे म्हणणे. आणि खरे सांगायचे तर त्यांना काही शिकावे लागलेच नाही. जाडजूड उंच झाड मधे घ्यायचे, बारकी कडेला आणि मागे. तीन झाडे एका रेषेत आणायची नाहीत. समोरून पाहताना कोणी कोणाच्या आड जाता कामा नये. जपानी माणूस हे सगळे फार गंभीरपणे, गुडघ्यांवर बसून करत होता. काका उभ्यानेच करत होते.

"तू फाटीं वच. तू हय, बारक्या, खांदो आड कर. तू मदीं."

मुळे मोकळी करायला त्यांनी माझ्या शॅकमधला एक गार्फ, म्हणजे जेवायचा काटा, नेला तो नेलाच. मुळे तारेने तबकाच्या भोकांना बांधायची असतात, नाहीतर झाड हलते. तार ओढताना एखादे कलले की काका ओरडत, "धर मरे दांडो!"

झाडांची संख्या विषम ठेवायची, असाही नियम आहे. तो काकांना पूर्ण पटला. "एकटो तरी उबो जाय. सगळ्यांक सीट मेळली की ती बस नाय, हॉल जाता."

एवढी दाटी करूनही तबकाच्या पुढच्या बाजूला, डावीकडे, एक तुकडा त्यांनी मोकळा सोडला होता. नुसते शेवाळ आणि एक चपटा खडा. एक रोप उरले होते. मी म्हटले, काका, हे तिथे बसेल.

"थंय नाका."

"कित्याक?"

"थंय उमेश उतरता."

मग ते तार तोडायला लागले. मला कळायला थोडा वेळ लागला. इंग्लंडात होते तेव्हा उमेश पहाटे कामावर जाई, सून आपल्या कामावर. काका दिवसभर त्या स्टॉपवर बसत. संध्याकाळच्या बशीने उमेश तिथे उतरे. तेवढे झाले की दोघे रस्ता ओलांडून घरी जात. तबकातले रान कुठले, ते मी त्यानंतर कोणाला सांगितले नाही. मला विचारलेही नाही कोणी. लोक विचारत ते एवढेच, की बाबली ती भाजी कधी काढणार.

आमच्या उन्हात या झाडांची पाने आपणहून गळत नाहीत, कडा करपून लटकत राहतात. म्हणून मेअखेर काका पानझड हाताने करतात. सोप्यावर बसून लहान कात्रीने एकेक पान देठाशी कापतात. "उतरा, उतरा. लास्ट स्टॉप." मग तबक माझ्याकडे येते आणि हिवाळा लागतो. पावसात आमच्याकडे वीज जाते तेव्हा काका स्कूटरवर गोणपाटात गुंडाळून मासळीवाल्यांकडचा बर्फ आणतात. बर्फाला बांगड्याचा वास असतो. काका तो आधी नळाखाली धुतात. बर्फ धुणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. धुऊन झाल्यावर जेवढा उरे, तेवढा तबकाभोवती रचायचा.

यंदा चवथीला उमेश येणार होता. बायकोला आणि मुलीला घेऊन. गेल्यापासून पहिल्यांदाच. ही नात काका परत आल्यानंतर झालेली, त्यांनी फोनवरच पाहिलेली. उमेशचा निरोप आला त्या दिवशी काकांनी माझ्याकडे येऊन नुसते फ्रिजचे दार पुसले, आतून आणि बाहेरून.

त्यांचा हिशेब सरळ होता. चवथीच्या पंधरवडाभर आधी रान बाहेर काढायचे. ऊब लागली की कळ्या फुगतात, पाने आधी तांबूस येतात, मग हिरवी होतात. मुलगा पायरी चढेल तेव्हा रान भरलेले पाहिजे. फक्त एक होते. झाडे एकदा उठली की त्या वर्षी पुन्हा निजत नाहीत. दिवाळीच्या उन्हापर्यंत पाने करपणार आणि त्यानंतर येणाऱ्याला कडा जळलेले गवत दिसणार. "एकदाच उठतली," काका म्हणायचे. "तेच्या येण्याक."

आता माझे सांगतो. मी फारसे बोलत नाही. त्यामुळे गावात मला समजूतदार समजतात. मी समजूतदार नाही, मी भित्रा आहे. बोलायचे ते तोंडात धरून ठेवतो आणि कोणीतरी दुसरा बोलेल याची वाट पाहतो.

जुलैत उमेशचा मला फोन आला. गोदामात नाताळचा माल आत्तापासून येऊ लागला होता, सुटी नाकारली होती.

"चवथीक जमणा नाय रे शंकरदा. जानेवारीत बघूया. बाबांक तू सांग. माका सांगूक जमणा नाय."

मी "बरे" म्हटले. फोन ठेवला. समोर बाबलीकाका फ्रिजच्या काचेला नाक लावून उभे होते. मी म्हणालो, "पाऊस बरो लागला."

"व्हय. दिसता माका," काका म्हणाले.

त्यानंतर रोज. ते आले की मी तोंड उघडायचो आणि पावसाबद्दल काहीतरी बाहेर पडायचे. पाऊस कमी झाला, पाऊस वाढला, वारा फिरला. एकदा काका सुमतीला म्हणाले, "गो, ह्येका आकाशवाणीर घाल. शॅक कित्याक करता हो?" सुमतीला मी सांगितले होते. ती रोज रात्री जेवण वाढताना विचारायची, "सांगितलास?" मी म्हणायचो, फाल्यां, म्हणजे उद्या. नंतर तिने विचारणे सोडले आणि नुसती डाव आपटून भात वाढू लागली. चवथीसाठी गावात, गणपतीच्या वर टांगायच्या मातोळीच्या काठ्या धुऊन वाळत पडल्या, मातोळीला बांधायची रानातली फळे कुठे मिळतील याची बोलणी सुरू झाली, आणि माझे फाल्यां चालूच.

शेवटी तो दिवस आला. दुपार होती. काका इस्त्री केलेला खाकी शर्ट घालून आले. रान ठेवायला पडवीच्या कोपऱ्यात पाट मांडला, त्यावर ओले फडके अंथरले. मी माडाच्या झावळ्या बांधत होतो. गरज नव्हती, तरी बांधत होतो. सुमती दारात उभी. काकांनी फ्रिजच्या मुठीवर हात ठेवला.

"काकानू, दार उघडू नकात."

"कित्याक? लाइट गेली?"

"नाय. उमेश चवथीक येणा नाय."

काकांचा हात मुठीवरच राहिला.

"कोणी सांगला?"

"तेणीच. माका फोन केल्यान."

"कदी?"

"जुलैत."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. शिव्या येतील म्हणून मी तयार होतो. खरे म्हणजे याव्यात असे मला वाटत होते. सुमती पदर तोंडाला लावून आत गेली.

"जुलैत," काका म्हणाले. "आणि इतके दीस धरून रवलंस? दुखला नाय रे तुका?"

मला पावसाबद्दलसुद्धा काही सुचले नाही.

"मगे कदी येता?"

"जानेवारीत बघूया म्हणालो तो."

"बघूया," काका म्हणाले. त्यांनी दाराचे रबर अंगठ्याने वरपासून खालपर्यंत दाबत नेले, कुठे फट नाही ना ते पाहिले. "रवांदी तर. तो येयसर निजांदी."

झाडांना इतका काळ निजवले तर त्यातले एखादे उठतच नाही, हे मला काकांनीच कधीतरी सांगितले होते. मी त्याची आठवण करून दिली नाही. त्यांनाही ते ठाऊक होते. ते पाटावरचे फडके पिळत होते.

"पण तुझो शॅक? ऑक्टोबरात फ्रिज जाय मरे तुका."

"नाय. यंदा मी नवो घेतलंय."

हे धडधडीत खोटे होते. गेला महिना मी एक खरी गोष्ट दडवली आणि घास गिळवेना. ही थाप मारली आणि त्या रात्री तीन वाट्या भात खाल्ला. सुमतीने डाव आपटला नाही.

हंगाम सुरू झाला. शॅक उभा राहिला. थंड बाटल्या मी थर्माकोलच्या पेट्यांत बर्फात ठेवतो. बर्फ वितळतो, लेबले सुटतात, आणि कुठली बाटली कसली हे पोऱ्यांना चाखल्याशिवाय कळत नाही असा त्यांचा दावा आहे. एका गोऱ्या बाईने कोमट बिअर दोनदा परत पाठवली. मी तिला सांगितले, फ्रिज दुरुस्तीला दिला आहे. शेजारचे शॅकवाले विचारतात, अरे, तुझा तो काचेचा फ्रिज कुठे? त्यांनाही हेच सांगतो. मी पूर्वी इतका बोलत नसे.

काका रोज संध्याकाळी पडवीत येऊन फ्रिजसमोर खुर्ची टाकतात. दार उघडत नाहीत. कधीतरी थोडेसे उघडून पाणी फवारतात आणि लगेच लावतात. आत निजलेल्या झाडांत रोज काही वेगळे दिसत असेल असे नाही, पण मी विचारत नाही.

परवा रविवारी मी घरी होतो. उमेशचा काकांना फोन आला, तोंड दिसणारा. चवथीच्या विषयावर बापलेक एकमेकांशी कधी बोललेच नव्हते. तिकडे उमेशच्या मागे मुलगी उड्या मारत होती. काकांनी तिला हात केला. मग न बोलता फोन फिरवून फ्रिजच्या काचेला लावला.

उमेशचा आवाज आला.

"बाबा, ह्यी अजून अशी? पाना खंय तेंची? मेली काय सगळी?"

"मेली नाय," काका म्हणाले. "निजली आसत. तू येवक नाय मरे अजून. तू ये, मगे उठयतंय."

पलीकडून काही आवाज आला नाही. काकांनी फोन थोडा वेळ तसाच काचेला धरून ठेवला, मग माझ्या हातात दिला आणि खुर्चीवरून उठले.

"रेंज गेली बघ," ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरून आपल्या घराकडे चालू लागले.

मी पडद्यावर पाहिले. उमेश खाली मान घालून बसला होता, आणि त्याची मुलगी त्याच्या तोंडाकडे वाकून बघत होती. रेंज पुरी होती.